करंजनगरची भरलेली बस

मे महिन्यात सोलापूरला जाणाऱ्या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही असं आमच्याकडे समजतात, आणि ते बरोबरच आहे. मी काही हौसेनं गेले नाही. चिपळूणजवळच्या आमच्या वाडीला येणारी एकुलती एक बस बंद होणार अशी आवई उठली, तेव्हा महिला मंडळाच्या बैठकीत सगळ्या बायकांनी एकदम माझ्याकडे बघितलं. कारण सोलापूरला माझं माणूस होतं. माझ्या पुतण्याची सासू, रुक्मिणीबाई. लग्नाच्या पंगतीत त्या मला सहज म्हणाल्या होत्या, "आमच्या करंजनगरची बस बंद पडत होती की. आमी वाचवली. झाडं बी वाचवली त्याच बसमदून." बसमधून झाडं कशी वाचवतात ते मी तेव्हा विचारलं नाही, कारण वाढपी जिलबी घेऊन आला होता. आता मंडळाचं म्हणणं पडलं की मालतीबाईंनी स्वतः जाऊन बघून यावं आणि सगळ्यांना लिहून द्यावं. बाकीच्यांना घरी आंब्याचं काम होतं. मलाही होतं, पण माझं कोण ऐकतंय.

तर हे ते लिहून देणं. ज्यांना सोलापुरी चादरीबद्दल वाचायचं असेल त्यांनी दुसरं काही वाचावं. मला चादर बघायला फुरसतच मिळाली नाही.

पोचले तो दिवस

घाट चढून वर गेल्यावर काय काय लागतं ते सांगत बसत नाही. सपाट जमीन लागते आणि ती लागतच राहते. मी बरोबर एक कापा फणस घेतला होता. विहिणीकडे रिकाम्या हातानं जायचं कसं? त्या फणसानं वाटेत दोन माणसांच्या मांडीवर आणि एकाच्या पायावर बसून सगळ्यांना जागं ठेवलं.

सोलापूरला उतरले तेव्हा ऊन असं होतं की डोळे उघडले तरी मिटल्यासारखे. करंजनगरची सिटी बस समोरच उभी होती. आत प्रत्येक बाकावर माणसं, मधल्या वाटेत माणसं, दाराशी पाण्याचे कॅन रचलेले. दारातच एक आजी मांडीवर सूप घेऊन लसूण सोलत बसली होती.

"जागा आहे का हो?" मी विचारलं.

"न्हाय."

"पुढच्या स्टॉपला कोणी उतरेल ना?"

"कोनबी उतरनार न्हाय," आजी म्हणाली. लसणावरची नजर काही तिनं काढली नाही.

"मग तुम्ही सगळे चाललात कुठे?"

"कुटंच न्हाय."

मला वाटलं, उन्हानं माझ्या कानात काहीतरी झालं. मी मागच्या खिडकीतल्या गृहस्थांना विचारलं. ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. तेही म्हणाले, कुठंच नाही. शेवटी रिक्षा केली. रिक्षावाल्यानं फणसाकडे बघून विचारलं, "ह्ये माणसाच्या भाड्यात का सामानाच्या?" पण ते जाऊ दे.

करंजनगर म्हणजे शहराच्या टोकाला माळावर वसलेल्या घरांच्या चार रांगा. निम्म्या घरांत यंत्रमाग, त्यांची खटखट दिवसभर चालूच. कुणाच्या घरात तेलुगू, कुणाच्या घरात दखनी, आणि रस्त्यावर आलं की सगळ्यांची मराठी. रुक्मिणीबाईंनी दारातच "कूर्चोंडी, कूर्चोंडी" म्हणत मला खुर्चीवर बसवलं, हातात तांब्या दिला आणि मी पाय धुवायला नळाकडे वळले तशी माझा दंडच धरला.

"अहो विहीणबाई, नळाला पानी परवा येणार. पाय धुवायचे असतील तर परातीत धुवा. ते पानी लागतं."

"कशाला लागतं?"

"बसला."

आमच्याकडे पाणी घरात न बोलावता येतं, पावसाळ्यात माजघरापर्यंत येतं. इथे ते मोजक्या दिवशी येतं आणि त्याच्यासाठी गल्लीत घरोघर पाळी लागते: आज या रांगेनं आधी भरायचं, पुढच्या खेपेला त्या रांगेनं. या पाळीवरून भांडण होत नाही. पाळी म्हणजे पाळी. मुलीचं लग्न असलं तरी पाळी चुकत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचा सगळा घोळ या चांगल्या सवयीनंच घातला आहे.

जेवायला ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. कडक भाकरी म्हणजे पापडासारखी मोडते आणि आठवडा टिकते. शेंगाची चटणी खाल्ली आणि मी माझ्या घरच्या सुक्या खोबऱ्याच्या चटणीची मनातल्या मनात माफी मागितली. जेवता जेवता रुक्मिणीबाईंनी सगळं सांगितलं.

बस चालायची ती एका बाईसाठी. खदान म्हणून मधला स्टॉप आहे, बंद पडलेल्या दगडाच्या खाणीशी. तिथे दोन खोल्यांत शमीम राहते, म्हातारी आई आणि ती. शहरात शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात जाते. करंजनगरची पोरं सगळी मोटारसायकलवाली, त्यामुळे बसमध्ये एकटी शमीम आणि डायव्हर. बसवाले म्हणाले, एका माणसासाठी बस कोण चालवतं? बंद करू. शमीम रडत रुक्मिणीबाईंकडे आली. पूर्वी दोघी एकाच ठिकाणी टॉवेलच्या किनारी शिवायच्या, त्यामुळे ती यांना मावशी म्हणते.

"मग आमचे नागेशअण्णा म्हणाले, बसमदी माणसं न्हाईत म्हणून बंद करतेत ना? मग माणसं बसवू की. पान्यासारखी पाळी लावू." रुक्मिणीबाईंनी माझ्या पानात आणखी एक भाकरी मोडून टाकली. "तवापासनं रोज पाळी हाय. एक फेरी रिकामी गेली न्हाय."

"म्हणजे तुम्ही नुसते बसून जाता आणि येता?"

"नुसते कसे? झाडं कोण जगवायची?"

दुसरा दिवस: माझी पाळी

रुक्मिणीबाईंचा गुडघा धरला होता आणि त्यांच्या घराची पाळी होती. सकाळी अंथरुणातून उठते तोच नागेशअण्णा दारात. हे पूर्वी मागावरचे जॉबर, म्हणजे यंत्र बिघडलं की दुरुस्त करणारे. उंच, काटक, खिशात अजून पाना. मला नमस्कार करून म्हणाले, "ताई, घरात पाव्हनी आली की ती त्या घराचीच. पाळी तुमी करा."

"मला कुठे जायचं नाहीये अण्णा."

"कुनाला जायचंय?" अण्णा म्हणाले.

अण्णांचा हिशेब साधा होता. बसवाल्यांचा मोजणीचा माणूस गुपचूप येतो म्हणतात, तेव्हा बस कायम भरलेली दिसली पाहिजे. बसायला माणूस कमी पडला तर सामान बसवायचं. त्या दिवशी वरच्या रांगेतल्या एका घरी कुणी आजारी होतं, त्यांची जागा रिकामी राहत होती. अण्णांची नजर माझ्या फणसावर गेली. खिडकीजवळच्या बाकावर फणस बसला. रुक्मिणीबाईंनी लांबून बरं दिसावं म्हणून त्याच्यावर एक ओढणी घातली. मी त्याच्या शेजारी. प्रत्येकाच्या हातात बाटली: पाय धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी. जास्तीचं दाराशी कॅनमध्ये. ते कॅन एकदा रचले की दार उघडत नाही, पण उघडायचं कुणाला होतं?

बस निघाली. रस्त्याच्या दोन्ही कडांना करंजनगरच्या लोकांनी लावलेली कडुलिंबाची नि करंजाची रोपं आहेत, काटेरी फांद्यांचं कुंपण घातलेली. रोप आलं की अण्णा पुढून म्हणतात, "डावी बाजू." डायव्हर करीमचाचा गाडी हळू करतात आणि डाव्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांतून बाटल्या बाहेर येऊन पाणी पडतं. थांबायचं नाही, डिझेल जळतं. मग "उजवी बाजू." खरं सांगते, त्या रखरखाटात ती पोपटी पानं बघून मला भरून आलं. आमच्याकडे झाड आपोआप उगवतं आणि आम्ही ते तोडतो. इथे लोक पाय धुतलेलं पाणी जपून नेऊन झाड जगवतात. मंडळातल्या बायकांनी हे दोनदा वाचावं.

माझा नेम मात्र चुकला. पहिल्या बाटलीचं पाणी एका मोटारसायकलवाल्याच्या डोक्यावर पडलं. मी जीभ चावली. तो गृहस्थ पुढे येऊन खिडकीशी गाडी लावून म्हणाला, "मावशी, आनखी हाय का?"

आतलं वातावरण तर घरच्यासारखं. लसूणवाल्या आजी होत्या. दोन बायका विडीची पानं कातरत होत्या. मागच्या बाकावर एक लग्न जमत आलं होतं आणि मुलाकडचे लोक पुढच्या रांगेत बसून ऐकत नसल्यासारखं करत होते. कुणीही बाहेरच्या जगाशी संबंध ठेवून नव्हतं. वाटेतला कुठलाही स्टॉप आला की बस तशीच पुढे.

खदानीपाशी मात्र सगळे एकदम खिडक्यांकडे वळले. कडेला एक बारीकशी बाई उभी होती, हातात डबा, डोक्यावरून ओढणी. तिनं हात वर केला. अख्ख्या बसनं हात वर केले. "शमीम, शमीम" असा कौतुकाचा गलबला झाला. करीमचाचांनी सुद्धा दोनदा हॉर्न वाजवला. बस निघून गेली. मागे वळून बघितलं तर ती बाई चालायला लागली होती.

"ती बसमध्ये का नाही बसली?" मी आजींना विचारलं.

"आदीच्या फेरीला जात आसंल की," आजी म्हणाल्या.

पुढच्या बाकावरून आवाज आला, "न्हाय, ती चालत जाती. तब्येतीला बरं आसतं. लई गुणाची पोर. तिच्यासाठीच तर ह्ये सगळं."

मी फणसाकडे बघितलं. तो ओढणी सावरून खिडकीतून वारा घेत होता.

शहरात शेवटच्या स्टॉपला पोचलो. कुणी उतरलं नाही. बाहेर दहा-बारा माणसं दार ठोठावत होती, कॅनमुळे दार उघडेना. अण्णांना त्याचा अभिमान वाटला. "बघा, किती मागणी हाय आपल्या बसला," ते म्हणाले. मग बस वळली आणि आम्ही उरलेलं पाणी उजव्या बाजूच्या झाडांना घालत घरी आलो.

तिसरा दिवस: चष्मा

पाहुणी दोन दिवस राहिली की तिची पाळी दुसऱ्या दिवशीही येते, हा नियम अण्णांनी त्याच सकाळी केला असावा असा माझा संशय आहे. पुन्हा मी बसमध्ये. फणस आदल्या रात्री कापला होता, त्याच्या जागी पिठाचा डबा बसला.

खदानीच्या अलीकडे "डावी बाजू" झालं, मी जरा जास्तच वाकले आणि माझा चष्मा पाण्याबरोबर बाहेर. मी ओरडले, थांबा. बस कशाची थांबते! करीमचाचा म्हणाले, "बाई, दरवाजा खुलता नहीं, उतरोगी कैसे?" आजी म्हणाल्या, चष्मा काय पळून जातोय का, परत येताना बघू. मला चष्म्याशिवाय हातभर अंतरावरचं दिसत नाही आणि माझ्या अंगात आमच्या आजोबांचा संताप आहे. शहरातल्या शेवटच्या स्टॉपला पोचल्यावर मी पाठीमागच्या संकटकाळच्या दारातून खाली उडी मारली. साठीला आलेल्या बाईनं असं करू नये. माझ्या साडीचा काठ त्या दाराला अजून असेल.

रिक्षा करून उलटी निघाले. अर्ध्या वाटेत समोरून शमीम चालत येताना दिसली. म्हणजे दिसली नाही, हिरवा ठिपका दिसला, आणि ठिपक्यानंच माझ्या हातात चष्मा ठेवला.

"तुमचाच न्हवं का? बसमदनं पडला. मी हाक मारली, पर तुमी लोकांनी हात केला."

तिचा चेहरा उन्हानं तांबडा झाला होता. मी तिला रिक्षात घेतलं आणि रिक्षा पुन्हा शहराकडे वळवली. सरळ विचारलं, "बाई गो, तू चालत का जातेस?"

ती हसली. "बस भरल्याली असती मावशी. मी हात करते थांबवाया. ते बी हात करतेत."

"रोज?"

"रोजच की. पयल्यांदा वाटलं, उद्या थांबंल."

"अगो, मग सांगायचं ना रुक्मिणीबाईंना!"

"काय सांगू?" ती म्हणाली. "एवढी माणसं कामधंदा सोडून माझ्यापायी उन्हात बसतेत. रुक्मामावशीचा गुडगा दुखतो तरी बसती. त्यास्नी कसं म्हनू, उठा, मला बसायचंय? माणूस हाय का जनावर मी?"

मग तिनंच पुढचं सांगितलं. शाळा सुरू व्हायच्या आधी गणवेशांची घाई असते, कारखान्यात एक मशीन रिकामं ठेवत नाहीत. चालत गेल्यानं तिला रोज उशीर होतो. शेठ भला माणूस आहे, इतके दिवस गप्प बसला. पण आता म्हणतो, उद्या माल गाडीत चढवायचा आहे, उद्या उशीर झाला तर तुझं मशीन दुसरीला. घरात कमावणारी ती एकटी. आईच्या गोळ्या त्यातूनच.

"उद्या मी सोडते तुला रिक्षानं," मी म्हटलं.

"उद्या सोडाल. परवा?" तिनं विचारलं. मग माझा हात धरून म्हणाली, "कुनाला सांगू नगा हां मावशी. लई वाईट वाटंल त्यांना."

मी वचन दिलं आणि दिल्या क्षणी पस्तावले.

घरी आले तर नगरात धावपळ. करीमचाचांना आतून कळलं होतं: मोजणीचा माणूस उद्याच येणार. उद्याच्या फेरीवर बस राहणार की जाणार ते ठरणार. अण्णा घरोघर फिरत होते. उद्या एका घरातून एक नव्हे, दोन माणसं. लेकरं मांडीवर. लग्न जमलेल्या मुलाकडच्यांनी वऱ्हाड आणायचं कबूल केलं होतं.

वचन मोडायचं नाही म्हणून मी आडून आडून बोलले. "अण्णा, उद्या एखादी सीट रिकामी ठेवावी का? वाटेत कुणी चढलं तर?"

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात चप्पल घालून आले होते. "रिकामी सीट? मोजनीच्या दिवशी? ताई, तुमाला बस वाचवायची हाय का बुडवायची?"

रुक्मिणीबाईंनीही मान हलवली. "वाटेत कोन चढतंय हितं," त्या म्हणाल्या. मी धपाटे ताटात तसेच ठेवून उठले. त्यांना वाटलं धपाटे तिखट झाले. चांगली माणसं मिळून एका पोरीची भाकरी काढून घेत होती आणि वर तिच्याच नावानं हात हलवत होती. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्यावर रागवता येत नव्हतं. एवढी चरफडले नव्हते कधी.

मोजणीचा दिवस

बस इतकी भरली की करीमचाचांना त्यांच्याच सीटवर जायला खिडकीतून चढावं लागलं. मोजणीचा माणूस वेळेवर आला. डोक्याला रुमाल, गळ्यात पाण्याची बाटली, घामानं निथळत होता बिचारा. त्याला उचलून आत घ्यावं लागलं आणि डायव्हरच्या मागच्या सीटवर बसवलं. अण्णा त्याच्या कानाशी. रुक्मिणीबाई आज गुडघ्याला पट्टी बांधून स्वतः आल्या होत्या. त्या माझ्या मांडीवर जवळजवळ.

पहिला स्टॉप गेला. माणसानं हातातल्या कागदावर शून्य काढलं. दुसरा स्टॉप गेला. पुन्हा शून्य.

अण्णा अस्वस्थ झाले. "साहेब, शून्य कसं? गाडी फुल्ल हाय की."

"हितं कोण चढलं?" माणसानं विचारलं.

"कोनी न्हाय."

"कोण उतरलं?"

"कोनी न्हाय. पर बसल्यात की एवढी माणसं."

"बसून ऱ्हायलेल्या माणसाला आमच्यात रकाना न्हाय," तो म्हणाला. "स्टॉपवर किती चढले, किती उतरले, तेवढंच लिवायचं. तुमची बस भरल्याली हाय हे मला बी दिसतंय. पर कागदाला दिसत न्हाय ना."

आजींचं लसूण सोलणं थांबलं. इतके दिवस पाळ्या केल्या, गुडघे दुखवले, फणस बसवले, आणि कागदावर सगळं शून्य. अण्णांचं तोंड एवढंसं झालं. माझ्या मनात मात्र एकच होतं, पुढचा स्टॉप खदान.

ती उभी होती. आज डबा नव्हता, घाईत राहिला असेल. तिनं हात वर केला. सवयीनं अख्ख्या बसनं हात वर केले, खिन्न चेहऱ्यानं का होईना. करीमचाचांनी हॉर्न वाजवला.

मी घंटीची दोरी ओढली. ती कधीची कुणी ओढलीच नव्हती, तिच्यावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता. टॉवेल माझ्या डोक्यावर पडला पण घंटी वाजली. करीमचाचा इतके दचकले की त्यांनी करकचून ब्रेक दाबला. सगळे सगळ्यांवर पडले.

"कोनी वाजवली?" अण्णा.

"मी. मला उतरायचंय."

"हितं? हितं काय हाय?"

"इथे शमीम आहे," मी म्हटलं. दिलेलं वचन गेलं खड्ड्यात. "तुम्ही जिच्यासाठी बसता ना, ती इथे रोज उभी असते. हात हलवत नाही ती, बस थांबवते. तुम्ही तिला बसायला जागा ठेवली नाहीत. ती रोज चालत जाते. आज उशीर झाला तर तिचं काम जाणार."

रुक्मिणीबाईंनी खिडकीतून खाली बघितलं. शमीमनं ओढणीत तोंड लपवलं होतं, जणू चोरी तिचीच पकडली गेली.

"शमीम," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "खरं हाय का गं?"

"तसं काय न्हाय मावशी. मला चालायची सवय हाय."

रुक्मिणीबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्या माझ्या मांडीवरून उठल्या आणि म्हणाल्या, "माझी जागा घे." अण्णा म्हणाले, "माझी घे." आजी सूप घेऊन उठल्या. आणि मग करंजनगरचे लोक जे करायचं ते अर्धवट करत नाहीत, हे मला दिसलं. कॅन धडाधड बाहेर काढले. दार उघडलं. एकामागून एक सगळे उतरले: विडीवाल्या बायका, इस्त्रीच्या शर्टाचे गृहस्थ, मांडीवरची लेकरं, अख्खं वऱ्हाड. मला वाटलं होतं, मी एक उतरेन आणि ती चढेल. पण कुणाचा पाय आत ठरेना. शमीम चढली, रिकाम्या बसमध्ये एकटी खिडकीशी बसली. तिच्यापुढे मोजणीचा माणूस आणि करीमचाचा. बस निघाली, आणि तिनं खिडकीतून हात केला. या वेळी तो खरंच हात करणंच होतं.

आम्ही सगळे रस्त्यावर, उन्हात, बाटल्या हातात घेऊन उभे. धुरळा खाली बसला तेव्हा अण्णांच्या ध्यानात आलं.

"आपन काय केलं हो," ते हळू म्हणाले. "मोजनीच्या दिवशी बस रिकामी करून लावून दिली. एकच माणूस ऱ्हायलं आत. पयल्यासारखंच."

कुणी कुणाला दोष दिला नाही. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "येळेवर तर पोचंल." मग आम्ही चालत निघालो. बाटल्यांतलं पाणी वाटेतल्या झाडांना घातलं, यावेळी नेम धरून. घरी पोचेपर्यंत माझ्या टाचा भाजल्या होत्या. संध्याकाळी शमीमनं कारखान्यातून कुणाच्या तरी फोनवरून कळवलं, वेळेत पोचले, मशीन माझंच. रुक्मिणीबाईंनी गल्लीभर शेंगाच्या पोळ्या वाटल्या. पण बसचं नाव कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मी निघाले.

चिपळूण

पाऊस लागून बरेच दिवस झाल्यावर रुक्मिणीबाईंचा फोन आला. बसचा निकाल लागला होता. मोजणीच्या माणसानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं: खदान, चढले एक, उतरले अख्खी बस. एवढी माणसं एका स्टॉपवर उतरतात म्हटल्यावर साहेब लोक चक्रावले. अख्ख्या मार्गावर इतका गर्दीचा स्टॉप दुसरा नव्हता. बस चालूच ठेवली. वर खदानीला प्रवाशांच्या सोयीसाठी पत्र्याची छान शेड बांधून दिली, आत बाक, पंखा लावायला हूक.

"मग आता शमीमला बसमध्ये जागा मिळते ना?" मी विचारलं.

"रिकामीच असती की बस. आता आमी बसत न्हाय."

"वा. मग पाळ्या बंद?"

"बंद कशा? शेडमदी लावल्यात. शेड रिकामी दिसली तर काडून नेतील की. रोज पाळीनं जाऊन बसतोय आमी. फुल्ल असती."

मी कपाळाला हात लावला. "अहो, आणि शमीम कुठे बसते?"

रुक्मिणीबाईंनी फोन शमीमला दिला, त्या दिवशी स्वतःची पाळी म्हणून त्या शेडमध्येच होत्या. मागून लसूणवाल्या आजींचा आवाज येत होता.

"शेडमदी जागाच न्हाय मावशी," शमीम म्हणाली. "मी भाईर उभी ऱ्हाते, उन्हापावसात. पर येक बरं हाय. भाईर उभी आसते म्हनून करीमचाचाला दिसते तरी. बस थांबती."